भिंतीआडचा दवाखाना : प्रस्तावना

द्वारका सेक्टर १०मधल्या जिल्हा न्यायालयातून कामकाजाच्या दिवशी संध्याकाळी जाळीच्या खिडक्यांच्या पोलीस गाड्या बाहेर पडतात. पालम, डाबडी, बिंदापूर, उत्तम नगर, नजफगढ अशा नैऋत्य दिल्लीतल्या वस्त्यांमधली माणसे त्यांत असतात. कोणी तारखेला येऊन परत निघालेला असतो, कोणाला आजच न्यायालयीन कोठडी मिळालेली असते. गाडी पंखा रोड मागे टाकून जेल रोडला लागते आणि तिहारच्या दाराशी थांबते. ज्याला पहिल्यांदाच आत जायचे आहे त्याची नोंद होते, झडती होते आणि मग त्याला डॉक्टरसमोर उभे करतात. नव्या कैद्याला शक्य तितक्या लवकर वैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासून घ्यावे, हे बंधन १८९४च्या कारागृह अधिनियमापासून चालत आले आहे. या पुस्तकाची सुरुवात त्या तपासणीच्या टेबलापासून होते.

त्या टेबलाशी येणारी माणसे थकलेली आणि घाबरलेली असतात. कोणाच्या रक्तदाबाच्या गोळ्या घरी उशाशी राहिलेल्या असतात. कोणाला फिट्स येतात, पण पोलीस ठाण्यातल्या दिवसांत औषध चुकलेले असते. कोणी तीन आठवडे खोकतो आहे आणि त्याला त्यात विशेष काही वाटत नाही. स्मॅकची सवय असलेल्याचे अंग मोडून येत असते, पोटात पीळ पडत असतो, नाका-डोळ्यांतून पाणी वाहत असते, आणि रात्री बरॅकमध्ये आपले काय होणार हे त्याला पक्के ठाऊक असते. रांग लांब असते. प्रत्येकाच्या वाट्याला येणारी मिनिटे मोजकी असतात. तेवढ्यात डॉक्टरने काय विचारायचे, काय पाहायचे आणि काय लिहून ठेवायचे, यावर पुढच्या कित्येक आठवड्यांचे, कधी कधी एखाद्या आयुष्याचेही, भवितव्य ठरते.

तुरुंगातल्या दवाखान्यात स्वेच्छेने काम करू पाहणारे डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, समुपदेशक आणि वैद्यकीय विद्यार्थी यांच्यासाठी हे पुस्तक आहे. मी द्वारकेत राहते आणि अशा कामाशी जोडलेली आहे, म्हणून तिहारचे संदर्भ त्यात अधिक आले आहेत. तरी लिहिताना डोळ्यांपुढे येरवडा, आर्थर रोड, तळोजा, नागपूर हे तुरुंगही होते आणि तिथल्या दवाखान्यांपासून हाकेच्या अंतरावर राहणारे मराठी वैद्यकीय मनुष्यबळही होते.

आत कोण असते, हे आधी आकड्यांनी पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या माहितीनुसार २०२२च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० माणसे होती आणि जागा होती ४ लाख ३६ हजार २६६ जणांची. दिल्लीच्या तुरुंगांत तर क्षमतेच्या पावणेदोनपटीहून अधिक कैदी होते. देशभरच्या या कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार ३०२ जण, म्हणजे चारातले तीन, कच्चे कैदी होते. त्यांचा खटला अजून संपलेला नव्हता आणि कायद्याच्या नजरेत ते निर्दोषच होते. त्या एका वर्षात १,९९५ कैदी कोठडीत मरण पावले. त्यांतल्या १,७७३ मृत्यूंची नोंद ‘नैसर्गिक’ अशी आहे, म्हणजे आजाराने किंवा वयोमानाने आलेले मृत्यू. तुरुंगातला मृत्यू म्हटले की आपल्या मनात मारामारी किंवा मारहाण येते. प्रत्यक्षात त्यांतले बहुतेक मृत्यू आजाराच्या वाटेने येतात, आणि त्या वाटेवर डॉक्टर उभा असतो किंवा नसतो.

तुरुंग आणि वैद्यक यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. ब्रिटिश काळात बऱ्याच जिल्ह्यांत सिव्हिल सर्जनच तुरुंगाचा अधीक्षक असे. ज्याच्या हाती कुलूप, त्याच्याच हाती स्टेथोस्कोप. अशा व्यवस्थेत रुग्णाची संमती म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मुंबईत फार लवकर उभा राहिला. जानेवारी १८९७ मध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तिथल्या स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचली गेली आणि लस उपयोगी पडते याचा पहिला मोठा पुरावा तिथून मिळाला. लाखो लोकांचे प्राण वाचवणाऱ्या त्या लसीच्या इतिहासात भायखळ्याच्या कैद्यांचे ऋण आहे. पण ज्याला दारातून बाहेर जाण्याची मुभा नाही, त्याच्या ‘हो’चे वजन किती धरायचे, हा प्रश्नही तिथेच जन्मला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे कैद्यांना विशेष संरक्षण लागणाऱ्या गटांत धरतात, त्यामागे जगभरचा असाच अनुभव आहे.

दुसरी नोंद पुण्याची. येरवड्यात सहा वर्षांची शिक्षा भोगणाऱ्या गांधीजींना जानेवारी १९२४ मध्ये आंत्रपुच्छाचा तीव्र त्रास सुरू झाला. त्यांना ससून रुग्णालयात हलवले गेले आणि १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पार पडले. ५ फेब्रुवारीला सरकारने गांधीजींना मुक्त केले. पुढे १९४२ ते १९४४ या काळात आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना डॉ. सुशीला नय्यर आणि डॉ. गिल्डर स्वतः बंदिवासात राहून गांधीजी आणि कस्तुरबा यांची वैद्यकीय काळजी घेत होते. कस्तुरबा तिथून बाहेर आल्या नाहीत. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे तिथेच निधन झाले.

या घटना मी इथे सांगते त्या एका कारणासाठी. कैदी देशाला ठाऊक असला की गाडी मिळते, शल्यचिकित्सक मिळतो, रात्रीच्या रात्री शस्त्रक्रियागृह उघडते. म्हणजे हे सारे करता येते. प्रश्न उरतो तो ज्याच्याकडे कोणाचेच लक्ष नाही त्या कैद्याचा. पोटात दुखते म्हणून मध्यरात्री गज वाजवणाऱ्या अनोळखी माणसालाही तेवढ्याच तत्परतेने ससूनची वाट मिळाली पाहिजे. तुरुंगातल्या वैद्यकीय सेवेची कसोटी त्याच्यावर लागते.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. सुनील बत्रा खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने तिहारच्याच संदर्भात बजावले, की तुरुंगाच्या दाराशी मूलभूत हक्क संपत नाहीत. परमानंद कटारा खटल्यात, १९८९ मध्ये, न्यायालयाने सांगितले की रुग्ण निर्दोष असो वा गुन्हेगार, प्राण वाचवणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे. राममूर्ती विरुद्ध कर्नाटक या १९९६च्या निकालात आरोग्याकडे होणारे दुर्लक्ष हा भारतीय तुरुंगांच्या प्रमुख प्रश्नांपैकी एक म्हणून नोंदवला गेला. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेले ‘नेल्सन मंडेला नियम’ तर फार नेमके आहेत. कैद्यांची आरोग्यसेवा ही राज्यसंस्थेची जबाबदारी आहे. समाजात जी सेवा मिळते त्याच दर्जाची आत मिळाली पाहिजे. वैद्यकीय निर्णय वैद्यकीय माणसानेच घ्यायचा आणि तुरुंगाच्या इतर कर्मचाऱ्यांनी तो डावलायचा नाही. तुरुंगातली सेवा बाहेरच्या सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेशी अशी जोडलेली हवी, की माणूस आत आला किंवा बाहेर गेला तरी उपचार तुटू नये.

हे शेवटचे कलम या पुस्तकाच्या मुळाशी आहे. ज्यांच्या नावाने हे नियम ओळखले जातात त्या मंडेलांनाच १९८८ मध्ये पोल्समूर तुरुंगात क्षयरोग झाला होता. वेळीच निदान झाले, उपचार पूर्ण झाले, म्हणून पुढचा इतिहास घडला.

तिहारमध्ये बाहेरची माणसे मोठ्या प्रमाणावर येऊ लागली त्याचे श्रेय प्रामुख्याने १९९३ ते १९९५ या दोन वर्षांना जाते. किरण बेदी तेव्हा कारागृह महानिरीक्षक होत्या. क्षमतेच्या तिपटीहून अधिक कैदी असलेल्या त्या तुरुंगात त्यांनी शिक्षक, समुपदेशक, डॉक्टर आणि व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातले कार्यकर्ते यांच्यासाठी दार उघडले. इगतपुरीच्या धम्मगिरीचे सत्यनारायण गोएंका यांनी एप्रिल १९९४ मध्ये तिथे हजाराहून अधिक कैद्यांचे विपश्यना शिबिर घेतले, ते या काळातले सर्वांत गाजलेले काम. कमी गाजलेले, पण वैद्यकीयदृष्ट्या फार महत्त्वाचे पाऊल पुढे २००८ मध्ये पडले. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनींसाठी ब्युप्रेनॉर्फिनवर आधारित पर्यायी उपचार तिहारमध्ये सुरू झाले. त्यामागे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे व्यसनोपचार तज्ज्ञ आणि संयुक्त राष्ट्रांचे अमली पदार्थविषयक कार्यालय होते. तळमळणाऱ्या माणसाला कोठडीत टाकून ‘आपोआप सुटेल’ म्हणायचे, ही जुनी रीत होती. तिच्या जागी रोजचा मोजलेला डोस, त्याची नोंद आणि समुपदेशन आले.

आता काम कसे चालते ते पाहू. पहिल्या दिवशी नव्या माणसाला तिथली बोलीच कळत नाही. मुख्य दाराच्या इमारतीला ‘ड्योढी’ म्हणतात. नव्या कैद्यांना ठेवतात तो ‘मुलाहिजा’ वॉर्ड. न्यायालयात जाणे म्हणजे ‘पेशी’, स्वयंपाकघर म्हणजे ‘लंगर’, आणि दवाखान्यात, कार्यालयात मदतीला असणारे कैदी म्हणजे ‘सेवादार’. आत जाण्यापूर्वी परवानगीचे पत्र, ओळखपत्र, पोलीस पडताळणी लागते. मोबाइल, रोकड, खासगी औषधे बाहेर ठेवावी लागतात. झडतीत वेळ जातो, आणि तो जाणारच असे धरून चालावे. दाराशी घातलेला वाद शेवटी रुग्णालाच महागात पडतो.

प्रत्येक कारागृहात दवाखाना असतो आणि तिहारच्या कारागृह क्रमांक तीनमध्ये रुग्णालय आहे. त्यापलीकडची गरज पडली तर रुग्णाला बहुधा हरी नगरच्या दीनदयाळ उपाध्याय रुग्णालयात किंवा आणखी मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवतात. इथे बाहेरच्या डॉक्टरला एक गोष्ट शिकावी लागते. आपण चिठ्ठीवर ‘तज्ज्ञाकडे पाठवावे’ असे लिहिले म्हणजे रुग्ण तज्ज्ञाकडे पोहोचत नाही. त्यासाठी पहारा लागतो. दिल्लीत कैद्यांची ने-आण दिल्ली पोलिसांची तिसरी बटालियन करते आणि त्याच माणसांना न्यायालयातल्या शेकडो पेश्याही सांभाळायच्या असतात. म्हणून चिठ्ठीत निकड स्पष्ट लिहावी लागते. आज, या आठवड्यात की या महिन्यात, आणि उशीर झाल्यास नेमका कोणता धोका आहे, हे लिहावे. ‘लवकर’ या शब्दाने कोणाचीच गाडी निघत नाही.

बाहेर साधे वाटणारे आजार आत वेगळे वागतात. खरूज एकाला झाली आणि एकालाच मलम दिले तर ती आठवड्यात परत येते. सगळ्या बरॅकला एकाच वेळी पर्मेथ्रिन लावणे, कपडे आणि कांबळी धुऊन उन्हात टाकणे, हा तिचा उपचार आहे, आणि तो अधीक्षकांच्या सहकार्याशिवाय होत नाही. मधुमेहाचे उदाहरण घ्या. रात्रीचे जेवण लवकर वाटले जाते, संध्याकाळी बरॅक बंद होते आणि मग सकाळपर्यंत पोटात काही नाही. बाहेरच्या हिशेबाने दिलेले इन्सुलिन पहाटे साखर खाली आणू शकते. झोपेच्या आणि वेदनाशामक गोळ्यांना आत किंमत असते. गोळी गालात लपवून नंतर विकली जाते, कधी दुर्बळ कैद्याकडून हिसकावली जाते. म्हणून काही औषधे समोर उभे राहूनच द्यावी लागतात. मात्र त्यामुळे प्रत्येक रुग्णाकडे संशयाने पाहायची सवय लागू देऊ नये. ‘नाटक करतो आहे’ हा शेरा तुरुंगात फार स्वस्त असतो आणि त्याखाली खरा हृदयविकारही गाडला जातो.

क्षयरोगाची गोष्ट सर्वांत गंभीर. कैद्यांना क्षय होण्याचा धोका जगभर बाहेरच्या लोकांच्या साधारण दहापट मानला जातो. दाटी, कोंदट हवा, अपुरे पोषण, आधीचे व्यसन, काहींना एचआयव्ही, ही कारणे उघड आहेत. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. दोन महिने चार औषधे, नंतर चार महिने तीन. आणि कच्च्या कैद्याला सहा महिने आत राहायचे आहे की सहा दिवस, हे त्यालाही ठाऊक नसते.

म्हणून तुरुंगातल्या रुग्णाला मी एक प्रश्न सुरुवातीलाच विचारते : पुढची तारीख कधी आहे? गुन्हा कोणता, हे विचारत नाही, तुम्हीही विचारू नका. त्याच्या उत्तराने औषध बदलत नाही, फक्त आपला हात आखडतो. तारखेच्या उत्तराने मात्र सारा उपचार बदलतो. तारखेच्या दिवशी हा माणूस सकाळी लवकर गाडीत बसेल, दिवसभर न्यायालयाच्या लॉकअपमध्ये असेल आणि संध्याकाळी परतेल. दुपारचा डोस चुकणार, म्हणून शक्य तिथे दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यायचे औषध निवडावे. त्या तारखेला जामीन झाला तर तो बाहेर पडेल. सुटकेचा कागद पोहोचतो तो कार्यालयात, दवाखान्यात नव्हे. माणूस कपड्यांची पिशवी घेऊन जेल रोडवर येतो आणि क्षयाच्या, फिट्सच्या, मनोविकाराच्या गोळ्या आतच राहतात.

तिथून पुढे काय घडते ते डॉक्टरांना सांगायला नको. अर्धवट उपचारातून औषधांना न जुमानणारा क्षय तयार होतो आणि तो उत्तम नगरच्या एका खोलीत, पाच माणसांच्या श्वासात उतरतो. फिट्सचे औषध एकदम थांबले की झटका येतो, कदाचित रस्त्यावर. अफूची सवय असलेल्याचे शरीर आतल्या महिन्यांत पूर्वीची मात्रा सहन करण्याची ताकद गमावते. सुटल्यावर त्याने जुन्या मात्रेने सुरुवात केली तर जीव जातो. सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असतात, असे अनेक देशांतल्या अभ्यासांत आढळले आहे. आईबाप मुलगा सुटला म्हणून पेढे वाटत असतात आणि त्याच आठवड्यात तो जातो. हे मरण टाळता येण्याजोगे आहे. सुटण्याआधी कोणीतरी शेजारी बसून हे समजावून सांगितलेले असले पाहिजे.

स्वयंसेवकाचे खरे काम मला इथे दिसते. निदान करणारे, औषध देणारे सरकारी डॉक्टर आत आहेत आणि त्यांच्यातले कित्येकजण प्रचंड ताणाखाली निष्ठेने काम करतात. बाहेर क्षयरोग केंद्रे, एचआयव्हीची उपचार केंद्रे, व्यसनोपचार केंद्रे, जिल्हा रुग्णालये आहेत. दोन्हींच्या मध्ये भिंत आहे आणि ती ओलांडून दोन्हीकडे जाऊ शकणारी माणसे थोडी आहेत. तुम्ही त्यांतले एक असता. रुग्णाच्या हाती त्याच्या आजाराचा आणि औषधांचा एका पानाचा कागद असावा, घराजवळचे केंद्र त्याला ठाऊक असावे, त्याची नोंदणी आतून बाहेर हस्तांतरित व्हावी, काही दिवस पुरतील इतकी औषधे त्याच्यासोबत जावीत, यांसाठी कोणीतरी चिवटपणे मागे लागावे लागते. हे काम छायाचित्रात दिसत नाही. पण याने क्षय बरा होतो.

त्यामुळे एका दिवसाच्या शिबिरांविषयी स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. फलक लावून दोनशे जणांचा रक्तदाब मोजला आणि वाढलेला निघालेल्यांना पुढे औषध मिळाले नाही, तर आपण त्यांना फक्त काळजी देऊन आलो. महिन्यातून एकदा, पण नेमाने आणि वर्षानुवर्षे येणारा त्वचारोगतज्ज्ञ अशा दहा शिबिरांहून अधिक उपयोगी आहे. दर आठवड्याला येऊन कैद्यांशी बंगाली, नेपाळी किंवा मराठीत बोलू शकणारी समुपदेशक तितकीच मोलाची. आपल्या भाषेत दुखणे सांगता आले की निदान निम्मे झालेले असते.

काही मर्यादा पहिल्या दिवसापासून पाळाव्या लागतात. निरोप, चिठ्ठी, पैसे, काहीही आत-बाहेर न्यायचे नाही, मग विनंती कितीही करुण असो. जामिनासाठी प्रमाणपत्र लिहायचे नाही. ते काम वैद्यकीय अधिकाऱ्याचे आहे. दवाखान्यात ऐकलेले दवाखान्यातच राहिले पाहिजे. तपासणीच्या वेळी पहारेकरी दिसेल इतक्या अंतरावर असावा, ऐकू येईल इतक्या जवळ नसावा, ही विनंती नम्रपणे आणि दरवेळी करावी. अंगावर मारहाणीच्या खुणा दिसल्या तर त्यांची जागा, माप, रंग नोंदवावा आणि ती नोंद योग्य त्या वैद्यकीय वाटेने पुढे जाईल हे पाहावे. अशा वेळी डॉक्टरच्या दोन निष्ठांमध्ये ओढाताण होते. ज्यांनी आपल्याला आत येऊ दिले त्यांना दुखवू नये असे वाटते आणि समोर रुग्ण असतो. रुग्णाची बाजू धरावी. त्याने पुढची परवानगी धोक्यात येईल असे वाटले तरी धरावी, कारण ती सोडून मिळालेल्या परवानगीचा रुग्णाला उपयोग नाही.

स्त्रियांच्या तुरुंगाचे प्रकरण या पुस्तकात स्वतंत्र आहे. तिहारचे कारागृह क्रमांक सहा स्त्रियांचे. तिथे सहा वर्षांपर्यंतची मुले आईजवळ राहू शकतात. आर. डी. उपाध्याय खटल्याच्या २००६च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या मुलांचे पोषण, लसीकरण, पाळणाघर यांविषयी सविस्तर निर्देश दिले. बाळंतपण शक्यतो बाहेरच्या रुग्णालयात व्हावे आणि झालेच आत, तर जन्माच्या नोंदीत तुरुंग हे जन्मस्थान लिहू नये, असेही त्यात आहे. स्त्रियांना भेटायला येणारे फार कमी असतात. रक्तक्षय, पाळीच्या तक्रारी, दुर्लक्षित गाठी या साऱ्यांवर पहिला उपाय एकच, आणि तो म्हणजे घाई न करता विचारणारी स्त्री डॉक्टर.

मनाच्या आजारांचे प्रकरण सर्वांत लांब आहे. २०२२ मध्ये देशातल्या तुरुंगांत झालेल्या १५९ अनैसर्गिक मृत्यूंपैकी ११९ आत्महत्या होत्या. सर्वांत धोक्याचे असतात ते आत आल्यानंतरचे पहिले दिवस, मोठ्या निकालानंतरचे दिवस आणि घरून कोणी न आलेली भेटीची वेळ. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना असावी असे सांगितले आहे. ती नीट चालायला मनोविकारतज्ज्ञ लागतात आणि मुलाहिजात रोज फेरी मारून ‘रात्री झोप लागली का?’ एवढे विचारणारी प्रशिक्षित माणसेही लागतात.

आता एका आक्षेपाला उत्तर द्यायला हवे, कारण तो प्रामाणिक माणसे घेतात. देशात निरपराध गरिबांना डॉक्टर मिळत नाही, गुन्ह्याला बळी पडलेल्यांना मिळत नाही, मग आपला वेळ कैद्यांना का? मी या प्रश्नाचा आदर करते. ज्या घरातले माणूस मारले गेले त्या घराला हा प्रश्न विचारायचा अधिकार आहे. माझे उत्तर असे, की न्यायालय शिक्षा देते ती मोकळेपण काढून घेण्याची. क्षयाची किंवा अपंगत्वाची शिक्षा कोणत्याही निकालपत्रात लिहिलेली नसते. बाहेरचा गरीब माणूस उधार घेऊन, पायपीट करून, एक डॉक्टर सोडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. कैदी तापाची साधी गोळीही स्वतः विकत आणू शकत नाही. हा मार्ग आपण, समाज म्हणून, बंद केला आहे. मग तो उघडून देणेही आपल्याकडेच येते. शिवाय आतले जवळजवळ सगळे एक दिवस बाहेर येणार आहेत, आपल्याच वस्तीत, आपल्याच मेट्रोच्या डब्यात. त्यांच्या बरे होण्यात बळी ठरलेल्यांचे काही कमी होत नाही.

यातून कोणी असा निष्कर्ष काढू नये, की स्वयंसेवकांनी सरकारची जागा घ्यावी. भरल्या न गेलेल्या जागा, न पोहोचलेली औषधे, न मिळालेला पहारा यांची भरपाई आपल्या उत्साहाने करायची नाही. आर्थर रोडमध्ये अधिकृत क्षमतेच्या कित्येक पटींनी माणसे राहत आली आहेत. ही दाटी कोणत्याही डॉक्टरच्या गोळीने बरी होणार नाही. तळोजा तुरुंगात असलेल्या ८३ वर्षांच्या फादर स्टॅन स्वामी यांना पार्किन्सन्समुळे पेला हातात धरता येत नव्हता. नळीचा पेला मिळावा म्हणून २०२०च्या अखेरीस त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी मुंबईच्या रुग्णालयात, जामीन न मिळताच, त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यावरच्या आरोपांविषयी कोणाचे काहीही मत असो, वृद्ध रुग्णाच्या पेल्याचा निर्णय दवाखान्यात व्हायला हवा होता. असे निर्णय दवाखान्यातच व्हावेत अशी व्यवस्था मागणे, हेही आपल्या कामाचा भाग आहे.

मराठी वाचकांकडून माझी अपेक्षा मोठी आहे, कारण आपल्याकडे साधने आहेत. पुण्यात ससून आणि येरवडा एकाच शहरात आहेत. नागपुरात वैद्यकीय महाविद्यालय आणि मध्यवर्ती कारागृह एकाच शहरात आहेत. मुंबईत आर्थर रोडपासून नायर आणि केईएम जवळ आहेत. व्यसनमुक्तीत आपल्यापाशी ‘मुक्तांगण’चा वारसा आहे. डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात त्याची सुरुवात केली. सामाजिक वैद्यकशास्त्राच्या विभागांनी विद्यार्थ्यांना गावातल्या आरोग्य केंद्राबरोबर तुरुंगाच्या दवाखान्यातही पाठवावे. निवृत्त फार्मासिस्टांनी औषधांच्या साठ्याच्या नोंदी लावून द्याव्यात. परिचारिकांनी मुलाहिजातल्या पहिल्या तपासणीसाठी प्रश्नावल्या तयार कराव्यात. यांतल्या प्रत्येक कामासाठी या पुस्तकात एक प्रकरण आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी रुग्णाच्या हाती देता येईल असा, मोठ्या अक्षरांतला, सोप्या मराठी आणि हिंदीतला कागदाचा नमुना आहे. तो कोणीही छापून वापरावा, परवानगी विचारू नये.

सुरुवात करणाऱ्याने एकच काम निवडावे. आपल्या जवळच्या तुरुंगातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला भेटून विचारावे, की क्षयाचे उपचार चालू असलेले किती रुग्ण मागच्या महिन्यात सुटले आणि त्यांतले किती आज बाहेरच्या केंद्रात औषध घेत आहेत. ते उत्तर मिळायला वेळ लागेल. ते मिळवता मिळवता, नाव घेऊन एकेका माणसाचा माग काढता काढता, तुम्हाला तुमचे काम सापडेल.

द्वारका, नवी दिल्ली